पाकिटात उरलेली वचनं

नगर,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय उषा,

ग्वाल्हेरच्या थंडीत तुम्हाला सांभाळणाऱ्या प्रभूच्या नावाने सलाम.

सोबतचं पाकीट नव्या वर्षाच्या सकाळपर्यंत उघडायचं नाही, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. नेहमीसारखे बायबलमधल्या वचनांचे दहा पत्ते आहेत. हाताने लिहिलेत आणि कडा निळ्या रंगवल्यात. चित्रकलेची मास्तरकी सोडून नऊ वर्षं झाली, पण हात अजून कापत नाही. छापील पत्ते ढिगाने मिळतात, पण तुमच्याकडे ते सगळे हिंदीत. आईच्या तोंडून ऐकलेलं वचन हिंदीत वाचलं की परक्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं, असं तूच एकदा लिहिलं होतंस. नियम तेच. प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, एकेकाने एकच पत्ता काढायचा. तो वर्षभर त्याचा. उरलेले न वाचता परत पाकिटात. दुसऱ्याच्या वाट्याचं वचन चोरून वाचायचं नाही, असं बाबा म्हणायचे.

सूर्याजींच्या पायाचं तुझ्या सौरवने कळवलं. साखर असलेल्या माणसाने शेगडीपाशी पाय शेकू नयेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का? कातडी भाजली तरी कळलं नाही म्हणजे पायातली जाणीवच गेलेली. आयुष्यभर पोरांना हॉकीच्या मैदानावर पळवणाऱ्या माणसाला आपला अंगठा भाजल्याचं कळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. हे त्यांना सांगू नकोस. मी सांगितलेलं त्यांना आवडणार नाही.

आता माझं नेहमीचं रडगाणं. बत्तीस वर्षं बघतो आहे. एक डिसेंबरला तुझ्या गॅलरीत नाताळची चांदणी लागते, पंचवीसला अख्ख्या नया बाजारात केक वाटला जातो आणि सत्तावीसला चांदणीबरोबर तुझा ख्रिस्तही माळ्यावर जातो. पुढचे अकरा महिने त्याच्यावर धूळ. तू हिंदू घरात पडलीस म्हणून असं झालं, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. तो आळस तुझा स्वतःचा आहे. निदान या वर्षी, घरात दुखणं आहे म्हणून तरी, सत्तावीस तारखेनंतर त्याला खाली राहू दे.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मी सगळ्याला हो म्हणत सुटतो. मागच्या खेपेला सौरवला मी नोकरी सोडायलाही हो म्हणालो होतो.

तुझा,
शरददादा


ग्वाल्हेर,
२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सलाम. तू बसला असशील तर ठीक, उभा असशील तर आधी बस.

काल सकाळी पाकीट उघडलं. धुक्याने समोरचं दुकान दिसत नव्हतं, दिवे लावून बसलो होतो. मी ताटात पत्ते पालथे पसरले. सौरव तीन दिवसांच्या सुटीवर आला होता, त्याला बळंच बसवलं. आणि दादा, हे स्वतःहून म्हणाले, "मलाही एक काढू दे." बत्तीस वर्षांत यांनी पत्त्यांना हात लावला नव्हता. तुमची लॉटरी तुम्हाला लखलाभ, म्हणायचे. काल भाजका पाय स्टुलावर ठेवून, डोळे मिटून त्यांनी हात पुढे केला.

त्यांना ते वचन आलं. मरण येणार नाही, जगशील आणि देवाची कामं सांगशील, असं सांगणारं. मी ते वाचून दाखवलं. मग मी माझा काढला. तेच वचन. सौरवने काढला. तेच.

तिघांच्या हाती एकच.  सौरव हसला आणि म्हणाला, आई, मामाने सगळ्या पत्त्यांवर एकच लिहून टाकलं असेल, उरलेले पलटून बघ. मी त्याला असं झापलं की बिचारा चहा न पिता आत गेला. त्याला काय माहीत, लहानपणी मी वचनाच्या कागदाची होडी केली म्हणून तू माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतास. शरददादा वचनाशी खेळ करणार नाही, मी त्याला सांगितलं. उरलेले सात पत्ते मी न बघता पाकिटात भरले आणि पाकीट कपाटात ठेवलं. तसं नाही, एवढं तू लिही म्हणजे मी ते त्याच्या तोंडावर मारीन.

आता खरी गोष्ट. सहा तारखेला यांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढायचं ठरलं होतं. दोन्ही काळी पडली आहेत. यांनी काल सांगून टाकलं की नाही काढायची. "देव तारी त्याला कोण मारी, आता तर लेखी मिळालं," म्हणाले. मंदाताई, यांच्या थोरल्या बहीण, हजीऱ्याहून रिक्षाने येऊन रडून गेल्या. मी त्यांना म्हटलं, ताई, आमच्या हाती वचन आलं आहे.

चांदणी खाली उतरवलेली नाही. तू म्हणालास ना. माझा ख्रिस्त या वर्षी माळ्यावर जाणार नाही.

तुझी,
उषा

ता. क. तिळाची गजक वेगळ्या डब्यात पाठवते आहे. दात सांभाळून खा.


नगर,
११ जानेवारी २०२५

प्रिय उषा,

पत्र मिळालं. गजकही मिळाली.

सूर्याजींनी पत्ता काढला हे मी दोनदा वाचलं. चर्चच्या मंडळीत मी सगळ्यांना त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे.

एक लक्षात घे. डॉक्टरही देवाचेच हात असतात. वचन मिळालं म्हणून औषध सोडायचं नसतं. आपल्या बाबांनीही शेवटच्या दुखण्यात शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि त्यामुळे त्यांचा विश्वास कमी झाला नव्हता. बोटांचं ते काम करून टाका. दोन बोटांनी काही बिघडत नाही. माणूस बोटांशिवायही जगतो आणि देवाची कामं सांगतो.

सौरवला रागावू नकोस. पोर हुशार आहे.

इथे थंडी बरी आहे. माझं डोकं अधूनमधून दुखतं, चष्म्याचा नंबर वाढला असावा. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही.

बोटांचं लवकर कर.

तुझा,
शरददादा


ग्वाल्हेर,
२४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नाही. चष्म्याचा नंबर मात्र आहे.

आता दोन बोटांचं राहिलं नाही. काळेपणा तळव्यापर्यंत चढला आहे आणि घरात वास येतो. मी कापूर जाळते, धूप लावते, पण तो वास जात नाही. इंदरगंजच्या डॉक्टरांनी काल सांगितलं, गुडघ्याच्या खाली कापावा लागेल, या आठवड्यात. हे म्हणाले, "साहेब, हम जाधव हैं. लंगडे होकर नहीं जीते, और मरना तो है ही नहीं." आणि खिशातून पत्ता काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांना मराठी येत नाही. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, परत दिला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला घरी आल्यावरही सोडेना.

आमच्या चर्चचे पाळक घरी आले होते. भला माणूस आहे. ते म्हणाले, बहनजी, ऑपरेशन करवा लीजिए, विश्वास आणि सुरी यांचं वैर नाही. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्याकडे नाताळला सहाशे माणसं येतात आणि जानेवारीत वीस उरतात. त्या विसांतली एक मी झाले आहे, आता मला विश्वास कमी करायला शिकवू नका. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गेले.

दादा, तुला वाटायचं मी ख्रिस्ताला विसरते. आता बघायला ये. पहाटे पाचला उठते. पायावरची पट्टी बदलायच्या आधी गुडघे टेकते. हे शेजारी पडल्या पडल्या आमेन म्हणतात. त्यांचं आमेन अजून नवं आहे, कधी मधेच म्हणतात, कधी दोनदा. आईने शिकवलेली गीतं मी बत्तीस वर्षांनी म्हणते आहे आणि त्यांना मधल्या ओळी येऊ लागल्या आहेत. लग्नाच्या बत्तीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं आता बोलतो. सांग, हे सगळं खोटं असेल का?

कधी कधी मध्येच मला भीती वाटते. पट्टी सोडताना वाटते. मग मी तिघांच्या हाती एकच पत्ता आला हे आठवते आणि भीती दाबते. सौरव रोज फोनवर ओरडतो की पाकीट उघड. मी उघडत नाही. न वाचलेलं वचन वाचायचं नाही, हे एक कारण. दुसरं कारण मी तुला सांगणार नाही, तुला कळेल.

म्हणून तुलाच विचारते. मला बाकी काही लिहू नकोस, उपदेश नको, हवापाणी नको. एका ओळीचं उत्तर दे. ते वचन आपोआप आलं ना?

उषा


नगर,
३ फेब्रुवारी २०२५

उषा,

नाही.

दहाही पत्त्यांवर तेच वचन आहे. मी लिहिलं.

हे तुला लिहिलेलं पाचवं पत्र. आधीची चार फाडली. सौरवला मोबाइलवर लिहायला बसलो, दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. भाच्यासमोर लाज वाटली. पोरगा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता आणि त्याला तू माझ्यापायी झापलंस. ज्या लाजेपायी मी गप्प बसलो तिच्यापायी सूर्याजींचा पाय दोन बोटांपासून गुडघ्यापर्यंत आला. हे मी स्वतःला रोज सांगतो.

डिसेंबरात सौरवचा निरोप आला तेव्हा मी पत्ते लिहायला बसलो होतो. पहिल्यावर ते वचन लिहिलं. दुसऱ्यासाठी दुसरं शोधलं, पण हाताने तेच लिहिलं. मग मी तसंच लिहीत गेलो. तुझ्या लग्नाला मी आलो नाही. तुझ्या घरचं पाणीही कधी प्यायलो नाही. तो माणूस मला कधी वाकडा शब्द बोलला नाही. मी त्यांना कसं सांगणार होतो की तुम्ही राहा, तुम्ही मला हवे आहात? मला तशी भाषाच येत नाही. मला वचनं लिहिता येतात, ती लिहिली. मला वाटलं, तू तीन पत्ते बघशील, हसशील, म्हणशील की म्हातारा दादा पाघळला. तू हसशील असं मी धरून चाललो. तू गुडघे टेकशील असं माझ्या मनातही आलं नाही.

आणि तुझं दोन तारखेचं पत्र आलं. मी बत्तीस वर्षं तुझ्याकडे जे मागत होतो ते सगळं त्यात होतं. चांदणी खाली उतरवली नाही. सूर्याजींनी स्वतःहून पत्ता काढला. मी ते मोडू शकलो नाही. मंडळीत मी ते पत्र वाचून दाखवलं, उषा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तर तोंड उघडणं आणखी कठीण झालं.

वचन खोटं नाही. पण ते तुमच्या हातात देवाने ठेवलं नव्हतं, मी ठेवलं. त्याच्या भरवशावर पाय गमावू नका. पाकीट उघड, सातही बघ, त्यांना दाखव, माझं नाव सांग, हवं तर शिव्या दे. पण आजच्या आज दवाखान्यात ने. माझ्यावरचा राग नंतर पुरेल.

शरद


ग्वाल्हेर,
२२ फेब्रुवारी २०२५

दादा,

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. सकाळचे साडेदहा झाले आहेत. त्यांना नऊला आत नेलं.

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. आज बावीस आहे. वीस तारखेपर्यंत बारा दिवस ते पत्र माझ्या साडीच्या घडीत होतं. हे मी तुला सांगते, कारण तू एकटाच गुन्हेगार आहेस असं तुला वाटत असेल. तू तीन आठवडे गप्प बसलास. मी बारा दिवस बसले, आणि मी तर वास घेत होते.

पाकीट मी आठ तारखेलाच उघडलं. खरं म्हणजे उघडायची गरज नव्हती, मला एक जानेवारीलाच ठाऊक होतं. पूर्ण नाही, पण पोटात ठाऊक होतं. शाळेत मी गणितात नापास झाले तरी दहातले तीन पत्ते सारखे निघाले तर बाकीचे कसे असतील एवढं मला कळतं. मी ते कळणं दाबून टाकलं आणि त्याला विश्वास म्हटलं. पत्र हातात घेऊन मी त्यांच्याजवळ गेले, तर ते पत्ता उशीखाली घेऊन झोपले होते, शांत. दोन महिन्यांत त्यांना झोप लागली ती त्या पत्त्यावर. मला ते काढून घेता आलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. मग परवा.

एकोणीसला ताप चढला. वीसला धावत आलेल्या सौरवला ते ओळखेनात, त्याला मैदानावरचं कुठलं तरी पोर समजून पासिंग शिकवत होते. सौरव माझ्यापुढे उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याला साडीच्या घडीतून पत्र काढून दिलं. त्याने वाचलं आणि गाडी आणायला गेला. तो तुझं नाव घेत नाही. माझ्याशीही कामापुरतं बोलतो.

इथे सलाईन लावल्यावर काल संध्याकाळी ते शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, आता गुडघ्याच्या वर कापावा लागेल, आणि विष रक्तात गेलं आहे, तेव्हा कापूनही खात्री नाही. पेशंट शुद्धीवर आहे तर सही त्यालाच करू द्या. यांनी मान फिरवली. पत्ता कुठे आहे, विचारलं.

मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. तू लग्नाला आला नाहीस तेही, टाळ्यांचंही. शेवटापर्यंत वाचलं आणि पत्राची घडी घातली. मला वाटलं, या माणसाने आयुष्यात एकदाच कुणावर तरी विश्वास ठेवला आणि आम्ही बहीणभावांनी मिळून त्याचं हे केलं.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हणजे शरदरावांनी बसून दहा वेळा लिहिलं, की सूर्याजी मरू नये?"

मी हो म्हटलं.

"भगवंतानं नाही लिहिलं."

नाही, म्हटलं.

"चल, कोई बात नहीं. कुणीतरी तर लिहिलं." आणि हात पुढे केला. "सही कुठं करायची ते दाखव."

त्यांनी तुला माफ केलं, दादा. मी केलेलं नाही. तुला नाही आणि मलाही नाही. पुढे कधी तरी होईल, पण आज तसं लिहिलं तर आणखी एक खोटा पत्ता होईल. सहा जानेवारीला कापली असती तर दोनच बोटं गेली असती. हे मला जन्मभर पुरेल.

सकाळी आत नेण्याआधी त्यांनी विचारलं, आज प्रार्थना नाही का करायची? मी गप्प राहिले. पन्नास दिवस मी रोज गुडघे टेकले, पण कुणासमोर टेकले हे मला आता कळेना. निळ्या कडेच्या एका कागदासमोर टेकले असं वाटतं. तो कागद काढून घेतल्यावर तिथे कोणी आहे का, हे मी कधी बघितलंच नाही. मग त्यांनीच सुरुवात केली. त्यांना नीट येत नाही. "हे प्रभू, उषाला सांभाळ, सौरवला सांभाळ," एवढंच म्हणाले, स्वतःचं मागायचं विसरले, आणि दोनदा आमेन म्हणाले. मग स्ट्रेचर हललं.

मंदाताई माझ्या शेजारी बसून जप करत आहेत. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, मधून मधून माझ्या पाठीवर हात ठेवतात. सौरव रक्ताच्या बाटल्या आणायला गेला आहे.

आत दीड तास झाला. कोणी बाहेर येऊन काही सांगत नाही. माझ्याकडे आता वचन नाही, खूण नाही, तिघांच्या हाती आलेलं काही नाही. ते जगतील का, मला माहीत नाही. आणि तरी माझे ओठ हलताहेत, दादा. तू आहेस का, असं मी विचारते आहे, आणि दुसरं कोणी सुचत नाही म्हणून त्यालाच विचारते आहे.

उषा